सार्वजनिक काका आणि गरिबाची वकिली

न्यायमंदिराचे दरवाजे सर्वांस उघडे आहेत खरे. पण आंत बोलावयास वकील लागतो आणि वकिलास पैसा लागतो. ही अडचण ओळखून तिच्यावर उपाय शोधणारे वकील म्हणजे १८२८ सालीं साताऱ्यास जन्मलेले गणेश वासुदेव जोशी, ऊर्फ सार्वजनिक काका.

सरकारी नोकरी सोडून त्यांनीं पुण्यांत वकिली आरंभिली. १८७० सालीं त्यांच्या पुढाकारानें सार्वजनिक सभा निघाली, तेव्हां प्रत्येक सभासदानें निदान ५० माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें असें ठरलें. अशिलाच्या संमतीवांचून बोलूं नये, हा कोर्टाचा धर्म त्यांनीं लोककार्यास लाविला.

१८७५ सालीं सुपें येथें रयतेनें सावकारांचे कर्जरोखे जाळले. दुखणें जुनें होतें. दावा लागला तरी गरीब कूळ कोर्टांत हजर होत नसे; मागें एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई. काकांनीं यावर लवाद कोर्टांचा मार्ग काढिला: उभय पक्षांच्या संमतीनें पंचांनीं थोडक्या खर्चांत निवाडा करावा. १८७९ सालीं सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. तो सातारा जिल्ह्यासही लागू झाला. आज सांगलींत मोडणारे तासगांव व वाळवें हे तालुके तेव्हां त्याच जिल्ह्यांत होते. प्रतिपक्षानें वकील दिला व शेतकऱ्याची तशी ऐपत नसली, तर न्यायाधीशास त्याच्यासाठीं वकील नेमतां येई. त्याच वर्षीं वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. काका निर्भयपणें त्यांच्या बचावास उभे राहिले. १८८० सालीं ते निवर्तले.

आज १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण कायदा आहे. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमाती आणि ठराविक मर्यादेच्या आंत उत्पन्न असलेले लोक यांस दिवाणी दाव्यांतही फुकट वकील मागतां येतो. सातारा व सांगली येथें त्याच्या कचेऱ्या आहेत. परंतु समन्स हातीं पडल्यावर भिऊन घरीं बसणारा मनुष्य तेथवर पोंचणार कसा?

म्हणून आमचें सांगणें दोघांस आहे. व्यापाऱ्यांनीं थकबाकीची फिर्याद करण्यापूर्वीं समेटाची वाट पहावी, आणि देणेकऱ्यास या कचेरीचा रस्ता दाखवावा. एकतर्फी जिंकलेल्या दाव्यानें पेठेची पत वाढत नाहीं. आणि आमच्या वकीलबंधूंनीं नेमून दिलेलें गरिबाचें काम भरपूर फीच्या कामाइतक्याच काळजीनें चालवावें. काकांच्या जन्मगांवीं तरी याहून कमी शोभणार नाहीं.