*महाराजा सयाजीराव गायकवाड : आधी एका तालुक्यात, मग राज्यभर*



नोकरीत नुकतीच बढती मिळालेल्या आपल्या मुला-सुनांची एक तक्रार हमखास असते : हाताखालची माणसं ऐकतच नाहीत, काय करायचं? त्यांच्यासाठी या वेळी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे चरित्र. घरात सगळ्यांनी मिळून वाचावे.

जन्म ११ मार्च १८६३, मालेगावजवळच्या कवळाणा गावी. मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले आणि महाराणी जमनाबाईंनी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तोवर त्याला लिहिता-वाचताही धड येत नव्हते. कारभार दिवाण टी. माधवराव बघत होते. मुलगा मात्र शिकत राहिला. भाषा शिकला, राज्यकारभाराचे धडे माधवरावांकडूनच घेतले. २८ डिसेंबर १८८१ ला पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा वय होते अवघे अठरा! सगळे अधिकारी वयाने आणि अनुभवाने मोठे.

सक्तीचे मोफत शिक्षण हे त्यांचे सर्वांत मोठे काम. ते एकदम सगळ्या राज्यात लादले नाही बरं का. १८९३ मध्ये आधी फक्त अमरेली आणि आसपासच्या काही गावांत सुरू केले. शिक्षक किती लागतात, पालक मुलांना पाठवतात का, खर्च किती येतो, हे अनुभवाने कळू दिले. मग १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केले. मधे तेरा वर्षे गेली! पण उतावीळपणा केला नाही आणि काम अर्धवटही सोडलं नाही.

अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात. महाराजांनी शाळा बंद केल्या नाहीत, मुसलमान शिक्षक नेमले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्मारामजी यांना बोलावून हे काम सोपवले. माणसं अडून बसली म्हणून काम अडू दिलं नाही.

पण एक गोष्ट मनाला लागते, तीही सांगायला हवी. १९१३ मध्ये महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच फेकत. शहरात राहायला जागा मिळेना. त्यांनी महाराजांकडे अर्ज केला, तो दिवाणांकडे गेला आणि तिथेच राहिला. शेवटी बाबासाहेब बडोदा सोडून गेले. राजाचे मन मोठे होते, पण ते शिपायाच्या टेबलापर्यंत पोचले नाही. वरिष्ठांनी ही गोष्ट विसरू नये. हुकूम दिला म्हणजे काम झाले असे नसते, शेवटच्या माणसापर्यंत जाऊन बघावे लागते.

६ फेब्रुवारी १९३९ ला महाराजांचे देहावसान झाले. त्यांनी उभारलेली ग्रंथालये, १९०८ ची बँक ऑफ बडोदा आजही आपल्या वापरात आहे.

सद्गुरूंच्या कृपेने आपल्याला सेवेत, ऑफिसात, घरात चार माणसे सांभाळायची संधी मिळते. या आठवड्यात एवढंच करूया : सोपवलेले एक काम शेवटच्या माणसापर्यंत कसे पोचले, ते स्वतः जाऊन, न रागावता बघूया. तिथे कुणी एकटा पडला असेल, तर आधी त्याच्याजवळ बसूया.

जय गुरुदेव 🙏