कुरणातली शाळा

पावसाळा लागला की वसईच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, कुरडू, टाकळा घेऊन बसतात. शेवळांसोबत काकडं घ्या, नाहीतर घसा खाजेल, हे मला एकीच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं बजावलं. तेव्हा ताराबाई मोडकांची आठवण झाली.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १८९२ चा. १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. अमरावतीच्या वकिलांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन बाई राजकोटला नोकरीला गेल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणात रमल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. दादरचं शिशुविहार नावाजलेलं असतानाही १९४५ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या आपल्या विरारच्या पुढे डहाणू तालुक्यात बोर्डीला गेल्या. आपण त्या वयात गुडघे कुरवाळत बसतो! तिथंच अनुताई वाघ त्यांना मिळाल्या.

१९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर आल्या. वारली मुलं शाळेत येईनात. येणार कशी? थोरला गुरांमागे, थोरली धाकट्याला कडेवर घेऊन. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली, ती विकासवाडी. आणि गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणात गेले. महागडी साधनं नाहीत. खडे, बिया, पानं, शिंपले. म्हणजे मुलांच्या हाताखालचंच सारं.

मला यातलं मोठेपण वाटतं ते असं, की रानात वाढलेल्या पोराला ताराबाईंनी कोरी पाटी समजलं नाही. त्याच्या घरी केवढी विद्या असते, बघा. कडूकंद विषारी, त्याच्या चकत्या राखेत उकडून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, मग खायच्या. मोहाची फुलं तोडायची नाहीत, पहाटे खाली पडलेली वेचायची. पहिल्या पावसाची भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही. तेवढे दिवस कोवळं रोप वाचतं, असं आपलं मला वाटतं. जंगल राखायचे हे नियम कुठल्या पाटीवर लिहिलेले नसतात, आई-आजीच्या मागे फिरूनच कळतात.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची अंगणवाडी योजना सुरू झाली.

बाजारातल्या त्या मुलीला मी शाळेचं विचारलं. बुधवार होता. तिनं मान खाली घातली आणि काकडांचे पाच-पाचांचे वाटे लावत राहिली. एकही वाटा चुकला नाही.