डॉ. आंबेडकर : वसतिगृहातील खोली ते राजगृह

परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो, तर निवाऱ्याचा असतो. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. परक्या देशात त्यांना खोली सहज मिळाली. स्वदेशी परतल्यावर मात्र, उच्च विद्या आणि संस्थानची नोकरी हाती असूनही, राहण्यास जागा मिळाली नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमराव यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी संपादन केली. १९१३ च्या फेब्रुवारीत त्यांचे पिताजी रामजी यांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार झाला होता. पत्नी रमाबाई आणि कुटुंब मुंबईतच राहिले.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात त्यांनी प्रथम मुक्काम केला. तेथील भोजन न मानवल्याने ते लवकरच पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तेथे काही भारतीय विद्यार्थी राहत असत. अखेर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात ते स्थिरावले. नवल भथेना हे पारशी विद्यार्थी तेथे त्यांचे सोबती होते. या खोलीत जुळलेली मैत्री आयुष्यभर टिकली.

ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे, तो येथे सर्वांसोबत एका टेबलावर जेवत होता. त्याची जात कोणी विचारीत नव्हते. या मोकळेपणाचा उपयोग त्यांनी अभ्यासासाठी केला. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही वर्ग त्यांनी केले. प्रा. सेलिग्मन आणि प्रा. जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू होत. खर्चात काटकसर करून ते घरी पैसे धाडीत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ विकत घेत. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणणारी बोट पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली आणि पुष्कळ ग्रंथ गमावले.

करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. तेथे एकही हिंदू खाणावळ किंवा वसतिस्थान त्यांना घेईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया भाड्याने त्यांनी खोली घेतली. वरच्या मजल्यावरील त्या काळोख्या जागेत अडगळीचे सामान पडलेले असे. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी गृहस्थ दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम त्यांनी दिला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचितानेही आसरा देण्याचे टाळले. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी खोली वाटून घेतली तेही पारशी आणि बडोद्यात ज्यांनी खोलीतून काढले तेही पारशी. दोष एका समाजाचा नव्हता. भारतात पाऊल ठेवताच जातीची भिंत सर्वांच्याच मनात उभी राहत होती.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरचे शाहू महाराज यांचे साहाय्य आणि नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अपुरे जेवण आणि ग्रंथालयातील दीर्घ बैठका असा तो काळ होता. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे स्मारक उभारले. अर्थशास्त्रातील डी.एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या मिळवून ते १९२३ मध्ये परतले.

निवाऱ्यावाचून शिक्षण खुंटते, हे त्यांनी अनुभवले होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ सुरू केली होती. म्हैसूर संस्थानात १९१८ मध्ये नेमलेल्या मिलर समितीने मागास समाजांसाठी शिष्यवृत्त्यांची शिफारस केली होती. त्याच दिशेने बाबासाहेबांनी पाऊल टाकले. १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. मुंबईचे सिद्धार्थ आणि औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, मिलिंद महाविद्यालय या संस्थेनेच सुरू केले.

दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी स्वतःसाठी राजगृह ही वास्तू बांधली, ती प्रामुख्याने आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या विद्यापीठाच्या वसतिगृहाने त्यांना प्रथम बरोबरीने वागवले, तेथेच हा गौरव झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. शहरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला आजही खोली देण्यापूर्वी आडनाव विचारले जाते, तेव्हा कामाठी बागेतील त्या संध्याकाळचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.