वॉल्ट डिस्ने यांची अंगणातली आगगाडी

मिकी माऊसचे जनक आणि डिस्नेलँडचे निर्माते अशी वॉल्ट डिस्ने यांची जगाला ओळख आहे. मिकीपासून डिस्नेलँडपर्यंतच्या त्यांच्या वाटचालीत एका लहानशा आगगाडीचा मोठा वाटा होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ही आगगाडी खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराची होती. तरीही ती खेळण्यातली नव्हती. तिचे इंजिन कोळसा-पाण्यावर, खऱ्या वाफेने धावत असे.

वॉल्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. १९०६ मध्ये डिस्ने कुटुंब मिसूरी राज्यातील मार्सेलिन या गावी शेती करण्यासाठी गेले. हे गाव रेल्वेमुळेच वसलेले. सँटा फे कंपनीचा लोहमार्ग तेथून जात असे आणि नात्यातले माईक मार्टिन त्याच मार्गावर इंजिनचालक होते. लहानग्या वॉल्टच्या दृष्टीने तो माणूस कोणत्याही राजाहून मोठा होता. पुढे शेती सोडावी लागली आणि १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीत आले. तेथे पहाटे घरोघरी वर्तमानपत्रे टाकण्याचे कष्ट वॉल्टच्या वाट्याला आले. १९१७ च्या उन्हाळ्यात पंधरा वर्षांच्या या मुलाने रेल्वेगाड्यांतून वर्तमानपत्रे, फळे आणि मिठाई विकण्याचे काम धरले. त्यात पदरी नुकसानच पडले. पण धावत्या गाडीचा नाद कायमचा जडला.

पुढची कहाणी सर्वज्ञात आहे. १९२८ मध्ये ऑस्वाल्ड या सशाच्या पात्रावरील हक्क वितरकाच्या हाती गेले. रिकाम्या हाताने न्यूयॉर्कहून परतताना रेल्वेच्या डब्यातच मिकीची कल्पना सुचली, असे ते पुढे सांगत असत. १९३७ मध्ये आलेल्या ‘स्नो व्हाईट’ने त्यांना यशाच्या शिखरावर नेले. पण १९४१ च्या कर्मचारी संपाने स्टुडिओतील घरोबा संपला. महायुद्धाने परदेशी बाजारपेठ हिरावली आणि कर्जाचा डोंगर वाढला. एकेकाळी स्वतःच्या हाताने चित्रे काढणारा हा कलावंत आता सभा, हिशेब आणि मंजुऱ्या यांत अडकला होता. मन रमेनासे झाले होते.

१९४७ च्या नाताळात त्यांनी स्वतःसाठीच लायोनेल कंपनीची विजेवर चालणारी आगगाडी विकत घेतली. वॉर्ड किंबॉल आणि ऑली जॉन्स्टन या त्यांच्याच दोन चित्रकारांना रेल्वेचे वेड होते. किंबॉल यांनी तर परसात पूर्ण आकाराचे इंजिन आणून ठेवले होते. ऑगस्ट १९४८ मध्ये किंबॉल यांना सोबत घेऊन डिस्ने शिकागोचे रेल्वे प्रदर्शन पाहून आले. तेथे त्यांना जुनी इंजिने स्वतः चालवण्याची संधी मिळाली. परतल्यावर विजेच्या खेळण्यावर त्यांचे समाधान होणे शक्य नव्हते.

नमुना म्हणून त्यांनी निवडले ते एकोणिसाव्या शतकातील सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे १७३ क्रमांकाचे इंजिन. अमेरिकेचे दोन्ही किनारे जोडणाऱ्या, १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या लोहमार्गाचा पश्चिमेकडील भाग याच कंपनीने बांधला होता. मूळ इंजिनाचे आराखडे मिळवून त्यांवरून नव्या मापाची रेखाटने करण्यात आली. स्टुडिओच्या यंत्रशाळेचे प्रमुख रॉजर ब्रॉगी यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. त्यांच्यापुढे स्टुडिओचा मालक उमेदवार म्हणून उभा राहिला. डिस्ने लेथ चालवायला आणि पत्राकाम करायला शिकले. इंजिनाचे धुराडे आणि समोरचा दिवा त्यांनी स्वतः घडवला. गार्डचा लाकडी डबाही त्यांच्याच हातचा. त्यात बोटाएवढी शेगडी आणि झोपण्याची फळीसुद्धा होती.

२४ डिसेंबर १९४९ रोजी स्टुडिओत इंजिनाची चाचणी झाली. पत्नी लिलियन यांच्या नावावरून त्याला ‘लिली बेल’ म्हटले जाऊ लागले. लॉस एंजेलिसमधील कॅरोलवूड ड्राइव्हवरील नव्या घराभोवती सव्वासात इंच रुंदीचा, २,६१५ फूट लांबीचा मार्ग टाकण्यात आला. त्यासाठी पत्नी आणि दोन्ही मुलींकडून जागेच्या वापराचा रीतसर करारही करून घेतला गेला! लिलियन यांच्या फुलबागेला धक्का लागू नये म्हणून मार्ग तिच्याखालून ९० फुटांच्या बोगद्यातून नेला. सरळ बोगदा स्वस्तात झाला असता. पण आत शिरणाऱ्याला पलीकडचा उजेड दिसू नये म्हणून डिस्ने यांनी तो नागमोडी करवून घेतला. पाहणाऱ्याला पुढे काय आहे याची उत्कंठा हवी, हे चित्रपटांतून शिकलेले सूत्र त्यांनी येथे रुळांवर आणले.

हा आनंद जेमतेम तीन वर्षे टिकला. १९५३ मध्ये एका पाहुण्याने गाडी वेगात हाकली, इंजिन रुळांवरून घसरले आणि बाहेर पडलेल्या वाफेने एक लहान मुलगी भाजली. ज्यांच्या आनंदासाठी डिस्ने यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकीच एकीला आपल्या अंगणात इजा व्हावी, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी गाडी तत्काळ बंद केली आणि ‘लिली बेल’ स्टुडिओत ठेवून दिली.

इंजिन थांबले तरी कल्पना थांबली नव्हती. शिकागोहून परतताच डिस्ने यांनी एका उद्यानाचे टिपण लिहिले होते. त्यात गाव होते आणि आगगाडीही होती. बंधू रॉय यांना सुरुवातीला हा खर्च पटत नव्हता. तेव्हा आयुर्विम्यावर कर्ज काढून आणि सुट्टीतले घर विकून डिस्ने यांनी पैसे उभे केले. अ‍ॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांच्या जागी १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. त्याला वेढा घालणाऱ्या तीन फूट रुंदीच्या मार्गावर धावणारी पहिली इंजिने ‘लिली बेल’च्याच रेखाटनांवरून मोठ्या आकारात घडवलेली होती. त्यांना नावे मिळाली ती सँटा फे कंपनीच्या जुन्या धुरिणांची. मार्सेलिनच्या रुळांचे ऋण असे फेडले गेले. उद्घाटनाच्या दिवशी डिस्ने स्वतः इंजिन चालवत स्थानकात आले.

१५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘लिली बेल’ आता सॅन फ्रान्सिस्कोतील वॉल्ट डिस्ने कौटुंबिक संग्रहालयात आहे. ज्या लाकडी कोठारात बसून ते हत्यारे चालवत, ते १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये हलवण्यात आले. मोठ्या व्यवसायात हरवलेला एक कारागीर त्या कोठारात स्वतःला पुन्हा सापडला. अर्ध्या मैलाच्या त्या मार्गाचे खरे मोल यातच आहे.