पत्रे धाडण्याचे नियम लिहिणारा : जॉन पोस्टेल

थोर पुरुष म्हटला की तो घोड्यावर स्वार असावा, निदान व्यासपीठावर तरी उभा असावा, अशी आपल्या मनाची सवय आहे. जॉन पोस्टेल यांचे छायाचित्र पाहिले की ती सवय मोडते. छातीवर रुळणारी दाढी, वाढलेले केस, पायांत सॅण्डल. आपल्याकडे कोणी बुवा समजून त्यांच्या पायाही पडले असते! परंतु आज जगात कोठेही ई-मेल लिहून ‘पाठवा’ हे बटण दाबले की जी यंत्रणा हलते, तिचे मूळ नियम या माणसाने लिहिले.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. त्याच विद्यापीठातून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी दूरच्या एका संगणकाकडे अर्पानेटवरचा पहिला संदेश गेला. त्या प्रयोगशाळेत पोस्टेल विद्यार्थी म्हणून काम करीत होते. जाळ्याचे नियम ठरविण्यासाठी तेथील मंडळी एकमेकांना टिपणे धाडीत आणि त्यांवर मते मागवीत. या टिपणांना आर.एफ.सी. म्हणत. त्यांना क्रमांक देणे, ती तपासणे आणि जपणे हे काम पोस्टेल यांनी अंगावर घेतले, ते मरेपर्यंत सोडले नाही. १९७४ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १९७७ पासून ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले.

ऑगस्ट १९८२ मध्ये टिपण क्रमांक ८२१ प्रसिद्ध झाले. एस.एम.टी.पी., म्हणजे जाणाऱ्या टपालाची साधी रीत. दोन संगणकांनी कसे बोलावे, हे पोस्टेल यांनी त्यात सांगितले. पहिल्याने नमस्कार करून आपले नाव सांगावे, मग पाठविणाऱ्याचा पत्ता, मग घेणाऱ्याचा, मग मजकूर. आणि ओळीवर एकटा पूर्णविराम आला की पत्र संपले. दुसऱ्याने दर वेळी तीन आकडी उत्तर द्यावे. पहिला आकडा २ असला तर काम झाले, ३ असला तर पुढचे पाठवा, ४ असला तर थोड्या वेळाने पुन्हा या, ५ असला तर तेच पुन्हा करू नका. मला या चरित्रात सर्वांत मोह पडतो तो या आकड्यांचा. चूक झाली तर ती कोणत्या जातीची, हे समोरच्याला सांगण्याचे सौजन्य त्यांत आहे.

एक गोष्ट मात्र त्या टिपणात नव्हती : पासवर्ड. बाजारातल्या लाल पेटीत पोडावरून आलेल्या माणसाने पत्र टाकले तर त्याला कोणी नाव विचारीत नाही. मनीऑर्डर घ्यायची असेल तर मात्र सही नाहीतर अंगठा लागतो. तसेच हे होते. जाळ्यावर तेव्हा थोडे लोक होते आणि ते बहुतेक एकमेकांना ओळखत. पुढे फुकट्या जाहिरातींनी आणि ठगांनी या पेटीचा ताबा घेतला.

त्याची झळ आमच्या झरी जामणीपर्यंत पोहोचते. माझ्या ओळखीच्या एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज ई-मेलने जायचा होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. येणारी पत्रे थंडरबर्डमध्ये बिनतक्रार उतरत होती, जाणारे पत्र हलेना. कोणताही आकडा न येता नुसती वाट पाहणे चालले होते, म्हणजे पलीकडचे दारच बंद. जाणाऱ्या टपालाच्या रकान्यात जुने २५ क्रमांकाचे दार लिहिलेले होते. ठगांमुळे अनेक इंटरनेट कंपन्या ते ग्राहकांना बंद ठेवतात. मी तेथे ५८७ घातले, स्टार्ट-टी.एल.एस. निवडले आणि ओळख पटविण्याची खूण केली. आता ५३५ आला. मला आनंदच झाला, कारण दार उघडले होते, फक्त पासवर्ड नाकारला होता. त्या टपालसेवेला अशा प्रोग्रॅमसाठी वेगळा पासवर्ड लागत असे. तो काढून घातला आणि २५० आला. अर्ज गेला.

संकेतस्थळांच्या नावांची वहीही पोस्टेल यांच्याच हाती होती. १९८९ साली भारताचे ‘डॉट इन’ याच वहीत नोंदले गेले आणि पुढे मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ते सांभाळले. कोणता प्रदेश देश आणि कोणता नाही, या भांडणात त्यांनी स्वतःला गुंतविले नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची तयार यादी घेतली. मला हा फार शहाणपणाचा निर्णय वाटतो. जानेवारी १९९८ मधल्या कृतीविषयी मात्र माझे मत पक्के होत नाही. नावांच्या मूळ यादीसाठी आपल्या संगणकाकडे वळा, असे त्यांनी आठ सर्व्हरांच्या चालकांना कळविले, आणि त्यांनी ऐकले! अमेरिकन सरकार खवळले. ही चाचणी होती असे सांगून पोस्टेल यांनी सारे पूर्ववत केले. सचोटी खरी, पण साऱ्या जगाची वही एका माणसाच्या शब्दावर फिरावी, हे भयंकरच.

त्याच वर्षी हे काम पाहण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. थोड्याच दिवसांत, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पोस्टेल वारले. वय ५५. विंट सर्फ या मित्राने लिहिलेला त्यांचा मृत्युलेख टिपण क्रमांक २४६८ म्हणून त्याच मालिकेत प्रसिद्ध झाला. ५८७ क्रमांकाच्या दाराचे टिपण डिसेंबरात निघाले, आणि पत्र धाडणाऱ्याची ओळख पटविण्याचे मार्च १९९९ मध्ये.