करकायद्यातून राज्यघटनेकडे : विधिज्ञ नानी पालखीवाला

मुंबईच्या व्यापारी वर्गात आयकर आणि नानी पालखीवाला ही दोन नावे अनेक दशके जोडीनेच उच्चारली गेली.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९२० रोजी मुंबईतील एका साध्या पारशी कुटुंबात झाला. पूर्वज पालख्या बनवीत, त्यावरून आडनाव पडले. बालपणी त्यांच्या बोलण्यात तोतरेपणा होता. ज्या वाणीने पुढे न्यायालये भारावली, ती परिश्रमाने कमावलेली होती. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इंग्रजी वाङ्मयात एम.ए. झाल्यावर त्यांना प्राध्यापक व्हायचे होते. मुंबई विद्यापीठातील अध्यापकाची जागा अन्य उमेदवारास मिळाली, म्हणून ते कायद्याकडे वळले.

मुंबईचे माजी अ‍ॅडव्होकेट जनरल सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये त्यांनी उमेदवारी केली. आयकर कायदा त्या काळी बहुतेक वकिलांना रुक्ष वाटे. पालखीवालांनी त्याचे कलम न् कलम अभ्यासिले आणि १९५० मध्ये, वयाच्या तिशीत, कांगा यांच्यासमवेत आयकर कायद्यावरील बृहद्ग्रंथ सिद्ध केला. लेखनाचा बहुतांश भार शिष्याने वाहिला होता.

करवकील म्हणजे धनिकांचा कैवारी, असा समज सर्वत्र आढळतो. तो सर्वस्वी निराधार नाही. पालखीवाला उद्योगसमूहांचे वकील होते आणि टाटा समूहात उच्च पदांवरही होते. परंतु कायद्याच्या आधाराविना कोणताही कर आकारता येणार नाही, असे घटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो. शासनाच्या प्रत्येक मागणीला ती कोणत्या अधिकाराने केली, असे विचारणे हेच करवकिलाचे नित्यकर्म. हाच प्रश्न पालखीवालांनी पुढे संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराबाबत विचारला. केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ अशा निसटत्या बहुमताने घटनेची मूलभूत चौकट अबाधित ठरली.

दरम्यान १९५८ पासून अर्थसंकल्पावरील त्यांची वार्षिक व्याख्याने सुरू झाली होती. ग्रीन्स हॉटेलच्या लहानशा सभागृहातून ती ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत पोहोचली. हाती टिपण नसे. आकडे मुखोद्गत असत. आयकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला, त्या काळात श्रोत्यांची गर्दी का होई, हे वेगळे सांगावयास नको.

खरी कसोटी जून १९७५ मध्ये लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरविल्यावर इंदिरा गांधी यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात तेच उभे राहिले व २४ जूनला सशर्त स्थगिती मिळाली. दुसऱ्याच रात्री आणीबाणी पुकारली गेली. पालखीवालांनी पंतप्रधानांचे वकीलपत्र तत्काळ परत केले. त्या दिवसांत असे करणे म्हणजे संकट ओढवून घेणेच होते. नोव्हेंबरमध्ये केशवानंद निर्णयाच्या फेरविचारासाठी १३ न्यायमूर्तींचे पीठ बसले. या वेळी ते शासनाच्या विरुद्ध बाजूस होते. त्यांच्या युक्तिवादानंतर दोन दिवसांतच सरन्यायाधीशांनी ते पीठ विसर्जित केले.

१९७७ मध्ये प्रत्यक्ष करकायदे सुलभ करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मात्र लवकरच अमेरिकेतील राजदूत म्हणून त्यांना जावे लागल्याने ते काम सी. सी. चोक्सी यांनी पुढे नेले. १९९८ मध्ये पालखीवालांना पद्मविभूषण प्राप्त झाले. ११ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आयकरावरील त्यांच्या ग्रंथाच्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या. त्यांच्या मुखपृष्ठावर गुरूचे नाव आधी आणि शिष्याचे नंतर आहे.