दुर्बीण न लावता नेम साधणारा शेतकरी : फिनलंडच्या सिमो हायहा यांची गोष्ट

रायफलवर दुर्बीण असावी की नुसत्या डोळ्याने नेम धरावा? नेमबाज चार जण एकत्र बसले की हा वाद हमखास निघतो. एक म्हणतो, दुर्बिणीशिवाय लांबचा नेम म्हणजे अंधारात दगड. दुसरा म्हणतो, हात पक्का नसेल तर दुर्बीण काय कामाची? वाद हसतखेळत चालतो, चहा संपतो, पण निकाल काही लागत नाही. मात्र या वादात एक नाव कुणी ना कुणी काढतंच. ते म्हणजे फिनलंडचे सिमो हायहा. पाच फूट तीन इंच उंचीचा हा शेतकरी दुर्बीण न लावता जगातल्या सर्वांत नावाजलेल्या नेमबाजांमध्ये जाऊन बसला.

शेत, जंगल आणि बंदूक

सिमो यांचा जन्म 17 डिसेंबर 1905 रोजी रौत्यार्वी भागातल्या एका वाडीत झाला. रशियाच्या सीमेलगतचा हा मुलूख. घरची शेती, आठ भावंडं, त्यांत सिमो शेंडेफळाच्या आधीचे. उन्हाळ्यात शेतात राबायचं, हिवाळ्यात बर्फावरून स्की घालून जंगलात शिकारीला जायचं, असं तिथलं वर्षाचं चक्र होतं. शाळेपेक्षा शेताने आणि जंगलानेच त्यांना जास्त शिकवलं.

शिकारीला जाणाऱ्या पोराला पहिली गोष्ट शिकावी लागते ती अंतराचा अंदाज. समोरचं झाड किती पावलांवर आहे हे आधी मनात ठरवायचं, मग चालत जाऊन मोजायचं. चूक किती झाली ते बघायचं आणि पुन्हा दुसरं झाड धरायचं. आपल्याकडे माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार असाच तयार होतो. गोफणीला कुठली आली दुर्बीण? दगड किती लांब जाईल, वारा कुठे नेईल, हे हाताला कळतं. ते कळायला मात्र कित्येक हंगाम जावे लागतात.

वयाच्या सतराव्या वर्षी सिमो गावोगावी असलेल्या स्वयंसेवी रक्षकदलात गेले. तिथे नेमबाजीच्या स्पर्धा होत. त्यांत त्यांनी भरपूर बक्षिसं मिळवली. 150 मीटरवरच्या लक्ष्यावर एका मिनिटात 16 वेळा नेम लावल्याची त्यांची गोष्ट आजही सांगितली जाते. त्यांच्या रायफलमध्ये एका वेळी पाचच काडतुसं बसत आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करावा लागे. हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. पुढे त्यांनी सक्तीची लष्करी सेवा सायकलवरच्या तुकडीत पूर्ण केली आणि पुन्हा शेतावर आले.

उणे चाळीसातलं युद्ध

30 नोव्हेंबर 1939 रोजी सोविएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला. एका बाजूला अवाढव्य देश, दुसऱ्या बाजूला जेमतेम 37 लाख लोकवस्तीचा फिनलंड. 105 दिवस चाललेली ही लढाई ‘हिवाळी युद्ध’ म्हणून ओळखली जाते. सिमो तेव्हा 33 वर्षांचे होते. लाडोगा सरोवराच्या उत्तरेला कोल्ला नदीच्या आघाडीवर आर्ने युटिलाइनेन यांच्या कंपनीत ते दाखल झाले.

त्या हिवाळ्यात पारा कधी कधी उणे 40 अंशांपर्यंत उतरत होता. पांढरे कपडे घालायचे, पहाटेच्या अंधारात जागा धरायची आणि दिवसभर बर्फात पडून राहायचं. तोंडातून निघणारी वाफ शत्रूला दिसू नये म्हणून सिमो तोंडात बर्फ धरत. गोळी सुटताना नळीसमोरचा भुसभुशीत बर्फ उडाला तर जागा कळते, म्हणून तो आधीच दाबून घट्ट करत.

आणि त्यांच्या रायफलवर दुर्बीण नव्हती.

दुर्बीण का नको होती?

त्यांची रायफल फिनलंडमध्येच बनलेली होती, एम 28-30 या जातीची. मूळ घाट रशियन मोसिन-नागांचा. नळीच्या टोकावरच्या माशीला दोन्ही बाजूंनी लोखंडी पाती होती. ती कुत्र्याच्या ताठ कानांसारखी दिसायची, म्हणून तिथले लोक या रायफलला तिकडच्या ताठ कानाच्या शिकारी कुत्र्याचंच नाव द्यायचे.

साध्या रायफलीवर नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात : डोळ्याजवळची खाच, टोकावरची माशी आणि लांबचं लक्ष्य. माणसाचा डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट बघतो. म्हणून मुरलेला नेमबाज माशी स्पष्ट ठेवतो आणि लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालवून घेतो. नवशिका नेमकं उलटं करतो. तो लक्ष्याकडे टक लावून बघतो आणि माशी हलते. हे अंगवळणी पडायला हजारो गोळ्यांचा सराव लागतो.

दुर्बिणीने हे काम सोपं होतं. खूण आणि लक्ष्य एकाच जागी दिसतात, शिवाय लक्ष्य तीन-चार पट मोठं होतं. मग सिमो यांनी ती का नाकारली? कारणं अगदी व्यवहारातली होती. दुर्बीण नळीच्या वर बसते, त्यामुळे डोकं थोडं वर उचलावं लागतं. आघाडीवर तेवढं डोकंही जिवावर बेतू शकतं. काचेवर ऊन पडलं की चमक उठते आणि लपलेली जागा उघडी पडते. कडाक्याच्या थंडीत काचेवर दव धरतं, बर्फ जमतो. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे लहानपणापासून त्यांचा हात साध्या माशीवरच बसलेला होता. जिवावरच्या प्रसंगी नवं अवजार हातात घेण्यापेक्षा ओळखीचं अवजार बरं, हा शेतकऱ्याचा हिशेब होता.

आकडा आणि त्यामागचं ओझं

जेमतेम शंभर दिवसांत सिमो यांच्या नावावर पाचशेहून अधिक शत्रुसैनिक लागले असं मानलं जातं. या आकड्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. शिवाय त्यातले बरेचसे जवळच्या चकमकीत मशीन पिस्तुलाने मारलेले होते. दुर्बिणीच्या वादात त्यांचं नाव घेणारे ही बाजू अनेकदा विसरतात. त्यांना ‘पांढरा मृत्यू’ हे नाव पडलं. फेब्रुवारी 1940 मध्ये स्वीडनच्या एका दात्याकडून आलेली मानाची रायफलही त्यांना देण्यात आली.

सिमो यांनी मात्र या आकड्याची फुशारकी कधी मारली नाही. सांगितलेलं काम जमेल तितकं नीट केलं, एवढंच त्यांचं म्हणणं असे. समोर पडणाराही कुणाचा तरी मुलगा होता आणि बहुतेक वेळा तोही शेतावरूनच उचलून आणलेला होता. ही गोष्ट सांगताना हे विसरून चालणार नाही.

6 मार्च 1940 रोजी त्यांची पाळी आली. शत्रूची स्फोटक गोळी जबड्यावर बसली आणि डाव्या बाजूचा निम्मा चेहरा फाटून गेला. साथीदारांनी त्यांना मागे आणलं. आठवड्याने, 13 मार्चला, ते शुद्धीवर आले. त्याच दिवशी युद्ध थांबलं होतं.

पुढे चेहरा सावरण्यासाठी 26 शस्त्रक्रिया झाल्या. चेहऱ्याची खूण आणि बोलण्यातली अडचण मात्र जन्मभर राहिली. सेनापती मानरहाइम यांनी त्यांना साध्या नाईकाच्या हुद्द्यावरून थेट अधिकारी केलं. फिनलंडने स्वातंत्र्य राखलं, पण त्याची किंमत मोजली. सीमेवरचा मोठा मुलूख रशियाला द्यावा लागला आणि चार लाखांवर माणसं घरदार सोडून आत सरकली. सिमो यांच्या रौत्यार्वीचाही काही भाग गेला.

पुन्हा नांगर

युद्धानंतर सिमो रुओकोलाहती इथे स्थायिक झाले. शेती केली, कुत्री पाळली, त्यांची पैदास केली आणि हिवाळ्यात मूस या मोठ्या हरणाची शिकार केली. देशाचे राष्ट्राध्यक्ष उर्हो केकोनेनही त्यांच्याबरोबर शिकारीला गेले होते. उतारवयात कुणी नेमबाजीचं रहस्य विचारलं की त्यांचं उत्तर एका शब्दात संपायचं : सराव. 1 एप्रिल 2002 रोजी वयाच्या 96 व्या वर्षी हामिना इथे त्यांचं निधन झालं.

मग वादाचा निकाल काय?

सिमो यांचं नाव घेऊन दुर्बिणीला निकामी ठरवणं बरोबर नाही. सोविएत बाजूच्या ल्युडमिला पाव्हलिचेंको यांनी पुढच्या महायुद्धात दुर्बीण लावलेल्या रायफलीने 309 जणांची नोंद केली. त्याही आधी नेमबाजी क्लबात साध्या माशीवर तयार झाल्या होत्या. दुर्बिणीने दिसतं जास्त, पण हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. श्वास कधी रोखायचा, चाप धक्का न देता कसा दाबायचा, वारा कसा वाचायचा, हे काच शिकवत नाही. उलट नजर अधू झालेल्या माणसाला किंवा फार लांबच्या लक्ष्याला दुर्बिणीवाचून गत्यंतर नसतं.

आपल्या मातीतलं उदाहरणही ताजं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं. या स्पर्धेत रायफलवर लक्ष्य मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्रातून आणि पुढच्या कड्यातून बघून 50 मीटरवरचं 10.4 मिलिमीटरचं वर्तुळ गाठावं लागतं. म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं.

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला नेमबाजीची आवड असेल आणि महागड्या साहित्याअभावी पाऊल अडत असेल, तर सिमो यांची गोष्ट उपयोगी पडेल. साहित्य पुढे कधीतरी मिळेल. उभं राहण्याची ढब, श्वासावरचा ताबा आणि एकाच गोष्टीवर तासन्‌तास टिकणारं लक्ष, यांची सुरुवात आजही करता येते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.